दहाव्या मिनिटाचा रकाना

या गोष्टीला मी तिखटमीठ लावलेलं नाही. देवाला स्मरून सांगते. जिच्यावर हे ओढवलं ती माझी सख्खी भाची. ज्या वहीत हे घडलं ती वही मी या हातांनी उघडून पाहिली आहे.

पाहिली, आणि लगेच मिटली.

गुरुवार होता. दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. कॉलेजची जीवशास्त्राची प्रयोगशाळा, दुसरा मजला, खिडकीजवळचं शेवटचं टेबल. बाहेर लख्ख ऊन होतं. घाबरावं अशी ती वेळच नव्हती.

भाचीला घरात सगळे माऊ म्हणतात. तिची बालमैत्रीण खारू. सदा काहीतरी कुरतडत असायची म्हणून खारू. दोघी आत शिरल्या की प्रयोगशाळेतले काका म्हणायचे, "आल्या. आता एक माकड मिळालं की आपलं प्राणिसंग्रहालय पूर्ण."

"तुम्ही आहात की, काका," खारू म्हणायची, आणि स्वतःच एवढी हसायची की तिला ठसका लागायचा.

असो. मूळ पदावर येऊ.

प्रयोग अगदी साधा. व्यायामाने नाडीचे ठोके किती वाढतात आणि किती वेळात पुन्हा जागेवर येतात, ते पाहायचं. कोपऱ्यातल्या लाकडी पायरीवर तीन मिनिटं चढउतार करायची. मग स्टुलावर बसायचं. समोर बसलेल्या जोडीदाराने मनगट धरून दर मिनिटाला ठोके मोजायचे, दहा मिनिटांपर्यंत. दोघींचे आकडे एकाच अहवालात.

अहवाल पाचच्या आत दिला नाही, तर दोघींनाही परीक्षेला बसता येणार नव्हतं. आणि मॅडमचा एक कडक नियम होता. आकडे शाईने लिहायचे, खाडाखोड दिसली की वही परत.

नेमकी त्या दिवशी खारू आली नाही. सकाळी फोन आला. "अंगात कणकण आहे गं. माझे आकडे तूच ठोकून दे."

"किती ठोकू?"

"बसल्या जागी चौऱ्याऐंशी, ते तर तुला पाठ आहे. पुढचं तू बघ. तू हुशार."

यात वावगं काही आहे असं दोघींनाही वाटलं नाही. सगळी मुलं हेच करतात. जो आला नाही त्याचे आकडे जोडीदार मनाने भरतो.

माऊचे ठोके शेजारच्या टेबलावरच्या मुलीने मोजून दिले. मग एकेक करून सगळे निघून गेले. काका खालच्या मजल्यावर किल्ल्या आणायला गेले.

माऊ एकटी उरली. समोर खारूचं रिकामं स्टूल.

तिने पेन उघडलं. खारू, विश्रांतीत... ८४. व्यायामानंतर लगेच... १३२.

आणि कोपऱ्यातून आवाज आला.

ठक... ठक... ठक...

लाकडी पायरीवर कुणीतरी चढत होतं, उतरत होतं.

माऊने मान वळवली. पायरी तिथेच होती. वर कुणी नव्हतं. आवाजही थांबला होता.

खाली काका काहीतरी हलवत असतील, असं तिने मनाला समजावलं. पुन्हा वहीत डोकं घातलं.

मग समोरून...

धापा. कुणीतरी दमून बसल्यावर टाकतं तशा. अगदी जवळून. टेबलापलीकडून.

स्टूल रिकामं होतं.

माऊच्या अंगावर सर्रकन काटा आला. उठून पळावं असं वाटलं, पण पाच वाजायला आले होते. दोघींचं वर्ष त्या एका पानावर होतं. लवकर संपवायचं आणि निघायचं, एवढंच तिच्या डोक्यात राहिलं. तिने विचार करणंच सोडून दिलं. दर मिनिटाला बारा वजा करत सुटली.

१२०. १०८. ९६. ८४.

समोरच्या धापा हळूहळू शांत होत होत्या.

७२. ६०.

आता एक श्वास यायचा... मग बराच वेळ काही नाही... मग दुसरा.

४८. ३६.

आठ रकाने भरले होते. दोन उरले होते. तेवढ्यात तिचा फोन थरथरला. खारूची आई होती.

"माऊ, बाळा, कुठे आहेस तू?"

"कॉलेजात, काकू. काय झालं?"

"दुपारी खारूचा ताप चढला म्हणून हॉस्पिटलात आणलं. सलाइन लावलं होतं, झोपली होती शांत. एकाएकी धापा टाकायला लागली गं. जिने चढून आल्यासारख्या. नाडी एकशे बत्तीस. आणि आता उतरतच चाललीय, थांबतच नाहीये." काकूंचा आवाज फुटला. "मघाशी तुझं नाव घेतलं तिने. म्हणाली, माऊला थांबायला सांग."

माऊच्या हातातलं पेन तसंच राहिलं.

काकूंच्या मागून नर्सचा आवाज येत होता. "अठ्ठेचाळीस... डॉक्टरांना बोलवा... छत्तीस."

माऊने पानाकडे पाहिलं. सहाव्या मिनिटाला साठ. सातव्याला अठ्ठेचाळीस. आठव्याला छत्तीस. तिच्याच अक्षरात. पुढे चोवीस येणार होतं. त्यापुढे बारा.

चौऱ्याऐंशी ही खारूची नाडी. तिथे थांबायला हवं होतं. ती थांबली नव्हती.

पुढचं तिने विचार न करता केलं. छत्तीसवर आडवी रेघ मारली. जोरात. कागद फाटेपर्यंत.

समोरचा श्वास बंद झाला.

प्रयोगशाळेत काही म्हणजे काही ऐकू येईना. पंख्याचाही आवाज नाही.

फोनवर काकू ओरडल्या, "आकडा गेला! मशीनवर काहीच नाही!"

माऊने त्या रेघेच्या वर पुन्हा लिहिलं. ३६.

"आला," नर्स म्हणाली. "आला, आला."

नववा रकाना. माऊने देवाचं नाव घेतलं. डोळ्यांतल्या पाण्याने रेघा दिसत नव्हत्या. पुस्तकात छापलेला, निरोगी माणसाचा आकडा तेवढा आठवला. तो लिहिला. ७२.

दहाव्यातही तोच. ७२.

समोरून एक श्वास आला. लांब, संथ. मग दुसरा. मग स्टूल फरशीवर करकरत मागे सरकलं... आणि पावलं दाराकडे गेली.

"बाहत्तर," फोनमध्ये काकू रडत होत्या. "बाहत्तरवर आलीय गं बाई."

पाच मिनिटांनी काका किल्ल्या घेऊन वर आले. "खारूला काय झालंय आज? जिन्यात भेटली, हाक मारली, तर वळूनसुद्धा बघितलं नाही."

माऊने वही मिटली आणि मॅडमच्या खोलीकडे निघाली.

मॅडमसमोर तिने सगळं कबूल केलं. आकडे ठोकल्याचंही, आणि बाकीचंही. मॅडम समजूतदार. मुलगी भेदरली आहे म्हणाल्या, आणि पुढच्या आठवड्यात दोघींना प्रयोग पुन्हा करायला लावला. खारू बरी होऊन आली होती. तीन मिनिटं पायरीवर चढली, उतरली. घामाने भिजली. मॅडमनी स्वतः तिचं मनगट धरलं.

बाहत्तर.

पुढच्या मिनिटाला बाहत्तर. त्यापुढेही.

मॅडमनी हळूच मनगट खाली ठेवलं. "ही वही तुझ्याकडेच ठेव," माऊला म्हणाल्या. "मला नको."

याला आता चार वर्षं झाली. डॉक्टर म्हणतात, खारूचं हृदय उत्तम आहे. झोपेत बाहत्तर, तापात बाहत्तर. तिचे वडील गेले त्या दिवशी मी तिला जवळ घेतलं होतं. तिच्या छातीला माझा कान होता. घड्याळासारखे ठोके पडत होते, ना कमी, ना जास्त. लेकरू रडलंही नाही. ती आता हसतानाही पूर्वीसारखी हसत नाही. हसते, पण ठसका लागत नाही.

"मी चौऱ्याऐंशी लिहायला हवं होतं, मावशी," माऊ म्हणते. "तिचा स्वतःचा आकडा. मी घाबरून भलताच लिहिला."

वही तिच्या कपाटात आहे, कापडात गुंडाळून. मध्यंतरी एकदा मला दाखवली. वरचे सगळे आकडे ठसठशीत आहेत. फक्त दहाव्या मिनिटाच्या रकान्यातली शाई फिकी होत चालली आहे. माऊ पेन घेऊन बसते आणि तशीच उठते. गिरवायची तिची छाती होत नाही. एकदा हात लावला तेव्हा काय झालं, ते तिने ऐकलं आहे. मीही तिला गिरव असं सांगू शकले नाही. रोज प्रार्थनेत त्या पानाची आठवण ठेवते, एवढंच माझ्या हातात आहे.

परवा रविवारी सकाळी तिचा फोन आला.

"मावशी... त्यातला दोन पुसला गेलाय. नुसता सात दिसतोय."

मी लगेच खारूला फोन लावला. बऱ्याच वेळाने तिने उचलला.

"बरी आहे मी, मावशी," ती म्हणाली.

आवाज शांत होता. पण प्रत्येक शब्दानंतर ती थांबत होती... पुढचा शब्द येईपर्यंत मी श्वास धरून बसले होते.