भिंतीआडची धार

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर राहू द्या. मी नबविया, अल्लाशपथ सांगते, हे माझ्या डोळ्यांदेखत घडलं. सत्तावन्न साल, कापूस वेचणीचे दिवस, नाईलच्या कालव्यावरचं आमचं गाव, कफर सुआद... आणि वेळ भर दुपारची.

माझा धाकटा भाऊ शहाता. वय सव्वीस. दीड दिवस त्याला लघवी झाली नव्हती. पोट टम्म, पाय सुजलेले.

"चल इस्पितळात."

"काय गं ताई! बाराव्या वर्षापासून रक्त जातंय. तेव्हा बानं गावभर सरबत वाटलं होतं, पोरगा मर्द झाला म्हणून. आता मुतायला डॉक्टर गाठू? लोक हसतील."

आमच्याकडे तसंच मानायचे. पोराची लघवी लाल झाली, की तो वयात आला.

"बाच्याही लघवीतून जायचं की रक्त," शहाता म्हणाला.

"आणि असाच तुंबून मेला ना, गाढवा!"

तो कूस बदलून पडून राहिला. मी चिडून चुलीपाशी गेले.

तेवढ्यात...

मागच्या भिंतीआडून धार ऐकू आली. लांबलचक. मोकळी.

मला रडूच फुटलं. सुटला बाई एकदाचा! धावत मागं गेले.

कोणी नव्हतं. माती कोरडी ठणठणीत.

आत शहाता तसाच पडलेला.

आणि धार... चालूच.

मी शेजाऱ्याची गाढवगाडी आणली आणि शिव्या घालत त्याला वर टाकलं. वाटेत तो पुटपुटला, "ताई, बा मागून चालतोय..."

मी मागं वळून पाहिलं नाही.

डॉक्टर म्हणाले, कालव्याच्या पाण्यातला किडा. वर्षानुवर्षं मूत्राशयातून रक्त, मग वाटच बंद. लघवी वर तुंबून दोन्ही मूत्रपिंडं गेली.

"इतकी वर्षं काय करत होता?"

मी काय सांगणार, सरबत पीत होतो म्हणून?

नळी घातली. बाटलीत थेंब नाही.

दुसऱ्या दुपारी मला डुलकी लागली होती. नर्सनं हलवलं. "ऐकलंत का? झाली बरं का लघवी!"

खाटेखालून धार वाजत होती...

मी वाकून पाहिलं. बाटली कोरडी. फरशी कोरडी.

शहाताचा हात गार.

धार थांबेना. शेवटी मी किंचाळले, "पुरे कर, बा! नेलंस ना त्याला? आता जा!"

थांबली.

तो न्यायलाच आला होता, की आदल्या दिवशी भिंतीआडून मला घाई कर म्हणून सांगत होता? मला अजून कळलेलं नाही. मी मात्र त्याला हाकलून दिलं.