बंद जिनिंगमधली धकधक

मारेगावला माझ्या मामांच्या जिनिंगला कुलूप लागून दोन हंगाम झाले होते. कापसाचं दिवाळं निघालं, तसं तिचंही निघालं. त्यामुळे फाटकाशी पेटी कवटाळून उभा असलेला तरुण पाहून मी आधी चपापलेच.

"मोनाली तुम्हीच ना? किल्ली तुमच्यापाशी आहे म्हणे," तो म्हणाला. "मी संघदीप, केळापूरचा. या पेटीले अजिबात न हलणारी जागा पाहिजे."

पेटी रॉकेटला दिशा दाखवणारी होती. जवळून मुंगी चालली तरी तिला कळावं, इतकी हळवी. तो काम करायचा त्या पुण्यात गाड्यांच्या हादऱ्यांनी तिची चाचणीच होईना, म्हणून तो गावाकडे आला होता. तिच्या छोट्या पडद्यावर हादऱ्यांची रेघ उमटायची; ती सरळ राहिली तरच पेटी रॉकेटवर चढणार... नाहीतर त्याची सारी मेहनत पाण्यात.

आम्ही पेटी जुन्या मशीनच्या दगडी ओट्यावर ठेवली. मी तिच्याशेजारी ओट्यावरच टेकले, तो उभाच राहिला. दिवस मावळला. वारा नव्हता, तरी कोपऱ्यातली रुई हलकेच सरकत होती. आणि रेघेवर उमटलं — धक... धक...

"आत कोणी आहे का?" त्याचा आवाज बारीक झाला.

"धावजी फिटर याच मशीनवर काम करताना मेला," मी म्हणाले. "लोक म्हणतात, तो अजून मशीन चालवून राह्यला."

"भेव दाखवता का मले?"

दाखवायचं होतं खरं, पण माझ्याच अंगावर काटा आला. त्याने वायरी काढून पुन्हा लावल्या. धकधक थांबेना. तो माझ्या खांद्यावरून वाकला, तशी ती वाढलीच. त्याचा चेहरा उतरला.

"पेटीच खराब आहे. सकाळी पुण्याला तसं कळवतो अन् निघतो."

मला फार वाईट वाटलं. त्याच्यासाठी पाणी आणायला उठले. दारातून वळून पाहिलं, तर रेघ सरळ. परत येऊन टेकले — धक, धक. मी मनगटावर बोट ठेवलं. ठोक्याला ठोका जुळत होता, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गप्प बसले तर माझी अब्रू वाचत होती, पण त्याची पेटी जात होती.

"पेटी चांगली आहे," मी म्हणाले. "ते... ते माझं काळीज आहे."

त्याने माझी नाडी पाहिली, मग पडदा. मुद्दाम दाराशी गेला, रेघ निवली. जवळ आला, उसळली.

"मी आलो की काहून वाढते?"

"मले काय माहीत? रॉकेटवाल्यांनी सांगावं."

तो हसला आणि त्याने पडदा बंद केला. काळोखात नुसती पांढरी रुई दिसत होती.

"आता मशीन नाही सांगणार," तो हळूच म्हणाला. "तू सांग."

"उद्या जाऊ नको," मी म्हणाले.