लांब गाडीचा राखणदार

दिवाळी नुकतीच होऊन गेली होती, ऊन कलायला लागलं होतं, आणि सर्वेश मरोळ गावठाणात एक जुनी गाडी बघायला चालला होता. भूतखेत त्याच्या डोक्यात नव्हतं. डोक्यात एकच माप होतं, आईच्या लांबीचं.

आई म्हणजे सुगंधा. जिन्यावरून पडली, पाठीच्या कण्याचं ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी बजावलं की सहा-आठ महिने हिला बसवायचं नाही, वाकवायचं नाही, न्याल तिथे आडवी न्या. साकीनाक्याहून परळच्या इस्पितळात दर आठवड्याला आडवी बाई न्यायची म्हणजे रिक्षा बाद, टॅक्सी बाद. अँब्युलन्स दर वेळी परवडत नव्हती, आणि परवडली तरी येईपर्यंत आई कण्हून कण्हून अर्धी व्हायची. सर्वेश डिप्लोमा अर्ध्यावर सोडून कुरियरची व्हॅन चालवत होता. त्या व्हॅनमध्ये खोकी चालत होती, आई चालत नव्हती.

यावर घरातल्या मोठ्या माणसांनी काय केलं? सल्ले दिले. बाळकाका, म्हणजे सर्वेशच्या बापाचा धाकटा भाऊ, ज्याने आयुष्यात सायकलसुद्धा दुसऱ्याच्या कॅरिअरवर बसून चालवली, तो पाय पसरून म्हणाला, "छोटी पेट्रोल घे रे. पार्किंगला बरी पडते."

"आईला काय घडी घालून ठेवू डिकीत?"

"मोठ्यांशी असं बोलतात?"

"मोठे असं सुचवतात?"

धाकूने, म्हणजे सर्वेशच्या बापाने, नेहमीसारखं वर बघून हात जोडले. गिरणी बंद पडली तेव्हापासून हा माणूस घरातली प्रत्येक भानगड देवावर टाकून मोकळा व्हायचा, आणि ती निस्तरायला देव कधी आला नव्हता. आधी सुगंधा आली होती, आता सर्वेश येत होता. बापाने पोराला एकच गोष्ट दिली होती, उंची. दोघं बरोबर एकाच मापाचे, दारात वाकून शिरणारे.

सर्वेशने बऱ्याच गाड्या बघितल्या. एक सात सीटवाली होती, पण सीटा पाडल्या की मधे उंचवटा राहायचा, म्हणजे आईच्या मोडक्या कण्याखाली टेकाडच. साकीनाक्याच्या एका दलालाकडची गाडी आरशासारखी चकचकत होती. सर्वेशने गालिचा उचलला तर खाली वाळलेला गाळ आणि तो कुबट वास, पुरात बुडालेली. तिसरी दिल्लीहून आलेली. तिकडे जुनी डिझेल गाडी चालवू देत नाहीत, मग इकडे आणून गळ्यात मारायची. "पेपर येतील ना भाई, टेन्शन कशाला," असं विकणारा म्हणाला तेव्हाच सर्वेशने चावी परत दिली. डिझेलच हवी होती, कारण रोजचं तेल परवडायला हवं होतं. आणि लांब हवी होती. डिझेल, लांब आणि आपल्या ऐपतीतली, अशी तिन्ही एका जागी मिळणं म्हणजे कठीणच.

मरोळच्या चर्चमागच्या गल्लीत सेबॅस्टियन अंकलच्या पडवीत ती उभी होती. जुनी स्टेशन वॅगन, करड्या रंगाची, मागे लांबच लांब, ताणून झोपलेल्या मांजरासारखी. सर्वेशने थंड इंजिन सुरू करून धूर बघितला. काळा नाही, निळाही नाही. ऑइलची पट्टी बघितली, बेल्ट बघितला, दाराच्या बिजागऱ्या बघितल्या. मग मागची सीट पाडली. सपाट, पाटासारखी.

"अंकल, जरा आडवा होऊ?"

"हो ना बाला. माणूस निजवायला घेतेस तर निजून बघ."

सर्वेश डोकं पुढच्या सीटच्या पाठीला टेकेल असा आडवा झाला. पाय दारापर्यंत बरोबर मावले. बाहेर कोंबड्या कुरकुरत होत्या, लांब चर्चमध्ये कुणीतरी ऑर्गनचे सूर लावून बघत होतं. मागचं दार वाऱ्याने हळूच लोटलं गेलं आणि सगळे आवाज एकदम कापसात गुंडाळल्यासारखे झाले. आत वास होता... निलगिरीचा, इस्त्रीच्या कपड्यांचा, उकडलेल्या तांदळाच्या पेजेचा. इस्पितळाचा नव्हे, आजारपणात घरचं माणूस उशाशी बसलं की येतो तो. सर्वेशचे डोळे मिटायला लागले. किती दिवसांत तो असा आडवा झाला नव्हता. मान अशी मऊ टेकली होती की...

त्याने खाडकन डोळे उघडले. मानेखाली हात घातला. मानेखाली काहीच नव्हतं. पातळ गालिचा आणि त्याखाली पत्रा.

"अंकल," बाहेर येऊन त्याने विचारलं, "मागे कोण बसायचं ह्या गाडीत?"

म्हाताऱ्याने चष्मा काढून पुसला. "गावात कोण आजारी पडला, कुणाला कळा लागल्या, का मीच गाडी काढाची. पेट्रिशिया संगती यायची. आता नाय येत." त्याने आत भिंतीवरच्या तसबिरीकडे बघितलं. तिथे मेणबत्ती जळत होती. सर्वेश समजायचं ते समजला. "माजे डोळे गेले. आणि ही गाडी बसून राहायला नाय पायजे. आजारी माणूस नसला का ही बरी नाय." म्हातारे काहीही बोलतात. सर्वेशने व्यवहार ठरवला, आणि अंकलने आपणहून किंमत आणखी खाली आणली.

गाडी इमारतीच्या आवारात आली. बाळकाकाने टायरला लाथ मारून "लय लांब आहे" असा शोध लावला. सर्वेशची बहीण अक्षता हळदकुंकू घेऊन उतरली. आणि धाकू, ज्याने गाडी शोधायला एक पाऊल टाकलं नव्हतं, तो नारळ घेऊन गाऱ्हाणं घालायला पुढे झाला.

आता हे गाऱ्हाणं कुणासमोर घालायचं असतं? गावच्या देवासमोर, घरासमोर, जमिनीच्या तुकड्यासमोर. प्रत्येक जागेला राखणदार असतो, त्याची विनवणी करायची. धाकूला दुसरं काही येतच नव्हतं. त्याने तेच, शब्द न बदलता, एका सेकंडहँड गाडीसमोर लावलं.

"बा देवा म्हाराजा... आज ही गाडी माझ्या दारात इलेली आसा. तिचो जो कोण राखणदार आसात, तेणी हयच रवाचा. माझ्या बायल-पोरांक सांभाळून घेवचा. आडीअडचणीक धावान येवचा रे म्हाराजा..."

"होय म्हाराजा," बाळकाका आणि अक्षता म्हणाले. सर्वेशने ओठ घट्ट मिटून घेतले होते.

आणि एका श्वासाएवढ्या अंतराने, बंद काचांच्या आतून, बारीक, ओल्या आवाजात... "होय म्हाराजा."

नारळ धाकूच्या हातातच राहिला. अक्षताने वर खिडकीकडे बघितलं, पण आई तिसऱ्या मजल्यावर पडून होती आणि तिची खिडकी बंद होती. बाळकाकाला एकाएकी काम आठवलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो चहा न घेता गेला.

"बाबा," सर्वेश हळू आवाजात म्हणाला, "कुणाला राहायला सांगितलंत तुम्ही?"

धाकूने नारळासकट हात जोडून वर बघितलं.

पण दर आठवड्याच्या परळच्या फेऱ्यांत गाडीने तोंडातून चूं काढली नाही. मागे गादी, आईची उशी जरा खाली, कारण आई ठेंगणी. स्पीडब्रेकरवर सर्वेशचा जीव गोळा व्हायचा, आणि मागून आई म्हणायची, "काय नाय लागत रे. पाळण्यात असल्यासारखा वाटता." इस्पितळातून परत येताना ती चक्क झोपून जायची. घरात गोळ्या घेऊनही न झोपणारी बाई.

मग तो मंगळवार उजाडला. नवीन औषध सुरू झालं होतं. दुपारी आईला एकदम मळमळायला लागलं, डोळे फिरायला लागले. अक्षता कामावर. बाप-लेकाने आणि शेजाऱ्यांनी तिला फळीवरून उतरवून गाडीत ठेवलं. धाकू पुढे बसला, कारण मागे तिच्या बाजूला त्याच्या लांब तंगड्या मावेनात. गाडी शीवच्या पुलावर चढली आणि सगळं थांबलं. पुढे ट्रक, मागे बस, बाजूला कठडा.

"खालून घ्यायला हवी होती," धाकू म्हणाला.

"बाबा, तोंड बंद!"

मागे आईला उलटी झाली. उताणी पडलेली बाई, मान हलवायला बंदी. घशात घरघर सुरू झाली. सर्वेशने दार उघडायला बघितलं, पण कठड्याला आपटून ते बोटभर उघडलं. धाकूच्या बाजूला दुसरा ट्रक चिकटलेला. सीटांच्या मधून हात तिच्यापर्यंत पोचेना. आई पाठीमागे गुदमरत होती आणि दोन ताडमाड पुरुष पुढे अडकून पडले होते.

"आई! आई गं..."

गाडीत निलगिरीचा वास दाटला. दुपारचं ऊन काचेवर होतं, तरी मागचा भाग कुणी पडदा ओढावा तसा अंधारला. सर्वेशने आरशात बघितलं. आईचं अख्खं अंग, खांद्यापासून टाचेपर्यंत, एका रेषेत, गादीवरून जरासं उचललं गेलं... आणि सावकाश कुशीवर वळलं. लाकडाचा ओंडका पाण्यात वळावा तसं. तिची हनुवटी खाली झाली. तोंडातलं सगळं बाहेर आलं. घरघर थांबली, आणि एक लांब, स्वच्छ श्वास ऐकू आला.

धाकूनेही वळून बघितलं होतं. त्याचे हात जोडलेले होते. आयुष्यात पहिल्यांदा सर्वेशला त्या जोडलेल्या हातांचा राग आला नाही.

इस्पितळात डॉक्टर मनाली म्हणून एक तरुण बाई होती. आईला तपासून बाहेर आली ती खूशच होती. "वाचवलंत तुम्ही त्यांना. पाठीचा पेशंट असा वळवणं सोपं नाही हं. आम्हाला इथे चार जण लागतात. मागे किती जण होतात?"

सर्वेशने औषधाची चिठ्ठी घेतली आणि तो दुकानाकडे वळला.

संध्याकाळी आईला हुशारी आली. "ती बाई खय गेली रे?" तिने विचारलं. "माका मांडयेवर घेतल्यान. कित्या घाबरतस, म्हणाली."

"एकच बाई होती?"

"एकच." आई बोटांवर काहीतरी मोजायला लागली. "हात मात्र..."

सर्वेश उपकार विसरणारा नव्हता. आई घरी आल्यावर तो मेणबत्त्या आणि हार घेऊन मरोळला गेला. पेट्रिशिया आंटीची कबर कुठे आहे ते अंकलला विचारायचं, तिथे डोकं टेकायचं, बस. दार एका जाडजूड बाईने उघडलं. हाताला पीठ लागलेलं.

"सेबॅस्टियन अंकल..."

"चर्चमधी गेलाय. मी त्याची बायको, पेट्रिशिया. बोल ना."

हार सर्वेशच्या हातात तसाच लोंबत राहिला. तिच्या मागे भिंतीवरची ती मेणबत्तीवाली तसबीर देवाची होती. त्याने अडखळत सगळं सांगितलं. आंटी ऐकत ऐकत पायरीवर बसली, तिने छातीवर क्रूस काढला.

"बेस झाला. तुजी आय वाचली, बेस झाला. आमच्या गावाची पण लय माणसा वाचवलीत तिने." मग आवाज खाली आणून म्हणाली, "मी कवा मागे नाय बसली बाला. मागे ती असायची. आमी गाडी जुनीच घेतलेली, तवापासून. आजारी माणूस असला का सोन्यासारखी. नसला का... वाट बघत बसते. म्हणून तर मी गाडीत बसाची सोडली." तिने त्याच्याकडे निरखून बघितलं. "तुमी तिला काय बोलले नाय ना? ऱ्हा म्हणून?"

सर्वेशने हार पडवीत, गाडी उभी असायची त्या जागेवर ठेवला आणि तो निघून आला.

शिमग्यापर्यंत आई उठून बसायला लागली. आता ती गाडीत पुढे बसते, काच खाली करून, आणि सर्वेशच्या चालवण्याला नावं ठेवते. यापरतं सुख नाही. बाळकाका म्हणतो, आता विका ती लांबडी. सर्वेश विकणार नाही. ज्या मांडीवर आई वाचली ती मांडी विकतात का? रोज सकाळी तो गाडी पुसतो, आणि कुणी बघत नसलं की मागच्या काचेवर हात टेकून मनातल्या मनात आभार मानतो.

आईला गरज उरली नाही म्हणून त्याने गादी गुंडाळून घरात आणून ठेवली होती, मागची सीट उभी केली होती. परवा सकाळी फडकं घेऊन उतरला तर सीट पाडलेली. गादी अंथरलेली, चादर ताणून बसवलेली, एक सुरकुती नाही. चावी त्याच्याच खिशात होती. निलगिरीचा वास ताजा होता.

आणि उशी आईच्या जागी नव्हती. ती पार वर, पुढच्या सीटच्या पाठीला टेकवलेली होती. उंच माणसासाठी लावतात तशी.

त्या मापाची माणसं घरात दोन.

वर गॅलरीत धाकू दात घासत खाकरत होता. सर्वेशने पंपावर जाऊन टाकी गळ्यापर्यंत भरून आणली. गादीला त्याने हात लावला नाही.

"अक्षता," घरात येताच तो म्हणाला, "उद्यापासून तू गाडी चालवायला शिकायचीस."

"मी? कशाला? तू आहेस की."

"शिक गं," तो म्हणाला. "लवकर शिक."