निवासाच्या जागेतील धोके

निरंजन पेंढारकरला पगार मिळायचा तो घाबरण्याचा. उत्तरेत, गोमती नगरातल्या एका विमा कंपनीत तो अर्जदारांचे धोके तपासत असे, आणि धंद्याशी इतका इमानी की ई-रिक्षातसुद्धा दोन्ही हातांनी दांडा धरून बसे.

त्या दुपारी बाहेर लू, तो भाजून काढणारा वारा, वाहत होती. चुकीच्या खिडकीवर ताटकळलेली एक मुलगी वैतागून सरळ त्याच्याच टेबलाशी आली, ओढणीनं कपाळ टिपलं आणि फॉर्म पुढे सरकवला. सुचित्रा मोहिते, वनस्पतिशास्त्रज्ञ. मुक्काम – ग्रेट निकोबार बेट, दोन वर्षं.

आडनाव वाचून निरंजन मराठीत म्हणाला, "तिथले धोके सांगा."

"खाऱ्या पाण्यातल्या मगरी. वर्षाला दोन-दोन पावसाळे. और हाँ, नारळखेकडा – चांगला मांजराएवढा. झाडावर चढतो, नारळ फोडतो, भांडी पळवतो."

"भांडी... कशाला?"

"पता नहीं. संसार थाटत असेल."

ती हसली. निरंजनच्या छातीत काहीतरी हललं. तो गारठलाच, घराण्यात वडिलांकडून हृदयविकार होता.

विम्यात शंका आली की क्वेरी काढतात, आणि क्वेरी निघाली की अर्जदाराला यावं लागतं. निरंजननं खेकड्यावर क्वेरी काढली. सुचित्रा आली. मग मगरींवर. मग पावसाळ्यांवर. मग कासवांवर, ती बिचारी वाळूत अंडी घालून परत जातात, हे तिनं त्याला निशातगंजच्या बाजारात फालूदा खाताना समजावलं. चौकात बिर्याणीतल्या केवड्याच्या अर्काचा वास हुंगून ती म्हणाली, की आपण ह्याचे दोन थेंब शिंपडतो, तिथले लोक केवड्याच्याच कुळातल्या झाडाचं फळ शिजवून जेवतात. तेच अभ्यासायला ती निघाली होती. निरंजननं लगेच विचारलं, ते फळ डोक्यात पडतं का. पाचवी क्वेरी तीच.

सहावी जळवांवर होती. सुचित्रानं ती उभ्यानंच वाचली. विमा मंजूर झाल्याशिवाय तिची संस्था तिला पाठवणार नव्हती, आणि विमान परवाचं होतं.

"पेंढारकर," ती म्हणाली, "माझी जागा जाईल हो. सच बताइए, ह्यातल्या नेमक्या कशाला घाबरता?"

त्यानं शिक्का उचलला, 'मंजूर' उमटवलं – ते तिरकं उमटलं – आणि फाईल तिच्याकडे सरकवली. मग टेबलाकडे बघत म्हणाला, "तिथं... तुम्ही रमाल, ह्याला घाबरतो."

फाईल मिळाली की अर्जदार जातात. ही बसली.

"फेब्रुवारीत पाऊस ओसरतो," ती हळूच म्हणाली. "समुद्रही शांत असतो. पोर्ट ब्लेअरहून जहाज आहे."

"मला पोहता येत नाही."

"जहाजातून येणाऱ्याला पोहावं नाही लागत."

अखेर निरंजननं ड्रॉवरमधून रजेचा अर्ज काढला. 'कारण' ह्या रकान्यापाशी पेन अडलं. ती वाकून बघत होती... त्यानं श्वास रोखून लिहिलं, 'विवाह'. लगेच धीर सुटला, आणि त्यानं पुढे प्रश्नचिन्ह टाकलं.

सुचित्रानं त्याच्या हातून पेन घेतलं आणि प्रश्नचिन्ह खोडलं.