शब्दांना जागा

"ह्यानं दुकान कशाला काढलंय, सरळ दरोडेच घालायचे की," सुप्रीता पुटपुटली.

मराठीत पुटपुटली, कारण बेंगळुरूच्या एस. पी. रोडवरच्या त्या बोळाएवढ्या दुकानात मराठी कळणारं कुणी असेल असं तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. कॉम्प्युटरचं खोकं जुन्या चादरीत बांधून ती बनशंकरीहून रिक्षानं इथवर आली होती, आणि दुकानदारानं ते उघडूनही न बघता 'जुना झालाय, नवीन घ्या' असं कन्नडमध्ये सांगून टाकलं होतं.

"हळू बोला," शेजारून आवाज आला. "त्याला नसेल कळत... पण मला कळतंय."

सुप्रीतानं दचकून पाहिलं. उंच, सावळा मुलगा. चष्म्यावर पावसाचे थेंब तसेच, आणि काचांमागचे डोळे हसणारे. तिचे कान तापले.

"तुम्ही मराठी?"

"नागपूरचा. निहार. आणि तुम्ही?"

"आम्ही इथलेच."

"इथले... म्हणजे कधीपासूनचे?"

"ते आमच्या अण्णांना विचारा. ते शहाजीराजांपासून सुरुवात करतात. तेवढा वेळ असेल तर."

तो मोकळेपणानं हसला. मग चादरीच्या गाठोड्याकडे वळला. "काय होतंय ह्याला?"

"फार हळू झालाय. बटण दाबलं की उत्तर यायला इतका वेळ लागतो की माणूस रडकुंडीला येतं. मधेच मेमरी कमी आहे म्हणून सांगतो, आणि सगळं थांबतं."

"गेम खेळता की काय?"

"नाही," सुप्रीता म्हणाली. "माझी आई त्यावर बोलते."

निहारचं हसू विरलं. त्यानं चष्मा काढून शर्टाला पुसला, आणि मग सगळं नीट ऐकून घेतलं.

सुप्रीताच्या आईला, अनुसूयाबाईंना, गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला होता. उजवं अंग गेलं, वाचा गेली. समज मात्र सगळी शाबूत. सुप्रीता शाळेत चित्रकला शिकवायची. तिनं कॉम्प्युटरवर लहान लहान चित्रं काढली, तांब्या, उशी, पंखा, खिडकी, आणि प्रत्येक चित्रामागे आपल्या आवाजात एकेक शब्द भरून ठेवला. आई डाव्या हातानं माउस सरकवायची, चित्र दाबायची, आणि यंत्रातून लेकीचा आवाज यायचा, 'पाणी.' सुरुवातीला लगेच यायचा. आता आई दाबायची आणि वाट पाहत बसायची. पडद्यावर वाळूचं घड्याळ. कधीकधी तहान लागून, वाट पाहून, ती तोंड भिंतीकडे फिरवायची.

"नवीन घेऊ नका," निहार म्हणाला. "आधी आत काय भरलंय ते बघायला हवं. मी जे. पी. नगरला राहतो, तुमच्यापासून जवळच. माझ्या ऑफिसचा नंबर देतो. अण्णांना फोन करायला सांगा. त्यांना बरं वाटलं तर रविवारी येतो."

सुप्रीताच्या वडिलांना, अण्णांना, बरं वाटलं. फोनवर त्यांनी निहारचं गाव, गोत्र आणि वडिलांची नोकरी एवढं विचारून घेतलं, आणि शेवटी कॉम्प्युटरबद्दलही दोन शब्द बोलले.

रविवारी निहार आला तो जिन्यावरूनच म्हणत, "येऊन राहिलो, येऊन राहिलो."

"येता आहात की राहता आहात?" दारात उभी राहून सुप्रीतानं विचारलं. "एक काय ते ठरवा की."

"आमच्याकडे असंच म्हणतात. आणि तुम्ही प्रत्येक वाक्याला 'की' लावता त्याचं काय?"

"आमच्याकडे असंच म्हणतात की."

अनुसूयाबाई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. निहारनं त्यांना वाकून नमस्कार केला आणि खुर्ची ओढून त्यांच्याजवळच बसला. काय करतोय ते तो त्यांनाच सांगत होता. सुप्रीतानं ते पाहिलं. घरी येणारे लोक हल्ली आईबद्दल बोलायचे, आईशी कुणी बोलत नसे.

"मेमरी म्हणजे स्वयंपाकाचा ओटा समजा, काकू. आणि ही डिस्क म्हणजे कोठीघर. ओटा भरला की एक भांडं ठेवायला दुसरं कोठीत नेऊन ठेवावं लागतं. मग ते हवं झालं की पुन्हा कोठीत. ही जी आतून घरघर ऐकू येते ना, ती त्या खेपांची. त्यात कोठीही गच्च भरलेली. आता बघू या ओट्यावर कुणी काय काय मांडलंय."

मांडलं होतं अण्णांनी. मासिकांबरोबर फुकट आलेली एकेक तबकडी त्यांनी श्रद्धेनं घालून ठेवली होती. पंचांग, बुद्धिबळ, अक्षरांचे शेकडो फॉन्ट, आणि पडद्याच्या कडेनं सतत पोहणारे रंगीत मासे. कॉम्प्युटर चालू केला की ही सगळी मंडळी आपोआप जागी व्हायची.

"हे सगळं काढावं लागेल," निहार म्हणाला.

अण्णा दारात उभे होते. "पंचांग काढा, बुद्धिबळ काढा," ते हळूच म्हणाले. "मासे... ते हिच्यासाठी घातले होते. दिवसभर बसून असते. बघायला काहीतरी."

निहारचा हात थांबला. "मासे ठेवतो अण्णा. फक्त काकू बोलत नसतील तेव्हाच येतील, असं करतो."

सुप्रीता स्वयंपाकघरात गेली. कॉफीचं पातेलं उगाचच दोनदा ढवळलं. ह्या माणसाला आपण दुकानात पाहिलं तेव्हा त्याचे नुसते डोळेच पाहिले, असं तिला वाटलं.

त्या दिवशी काम संपलं नाही. डिस्कवर जागा झाली, खेपा कमी झाल्या, तरी शब्द अजून रेंगाळतच होते. निहारनं कारण शोधलं. सुप्रीतानं प्रत्येक शब्द गाण्याच्या तबकडीइतका सुरेख रेकॉर्ड केला होता, त्यामुळे एवढ्याशा 'उशी'लासुद्धा गाण्याएवढी जागा लागत होती.

"टेलिफोनवर येतो तेवढा आवाज पुरे. पण सगळं पुन्हा बोलावं लागेल."

"म्हणजे पुन्हा यावं लागेल तुम्हाला."

"हो ना," तो पडद्याकडे बघत म्हणाला. "वाईट वाटतंय... पण इलाज नाही."

ती हसली, ते त्यानं पडद्याच्या काचेत पाहिलं.

पुढचे रविवार माइकपाशी गेले. तो माइक धरायचा, ती बोलायची. 'पाणी' म्हणता म्हणता खाली पालेभाजीवाली 'सोप्पू' म्हणून ओरडायची. 'दिवा'च्या मधोमध शेजारच्या कुकरची शिट्टी. एकदा ती 'उशी' म्हणाली आणि शिंकली, आणि निहारला हसू आवरेना. तेही रेकॉर्ड झालं. ते पुसायला निघाला तर अनुसूयाबाईंनी डावा हात उचलून त्याचं मनगट धरलं. मान हलवली. ते तसंच राहिलं.

सगळे शब्द आत गेले त्या दिवशी अनुसूयाबाईंनी तांब्या दाबला, आणि बोट उचलायच्या आत 'पाणी' ऐकू आलं. पुन्हा दाबला. पुन्हा. अण्णा तीन वेळा पाणी घेऊन धावले. मग त्यांच्या ध्यानात आलं, बायको थट्टा करतेय. त्या एका बाजूनं वाकड्या झालेल्या ओठांवर कितीतरी महिन्यांनी हसू होतं. अण्णा तसेच भांडं हातात धरून गॅलरीत निघून गेले.

"चला, निघतो," निहार म्हणाला. दुपार झाली होती.

अनुसूयाबाईंनी ताट दाबलं. 'जेवण.'

"वाढते हं आई." सुप्रीतानं ताट आणलं. आईनं ते डाव्या हातानं दूर सारलं. 'नको.' आणि पुन्हा, 'जेवण.'

"भूक नाही? की दुसरं काही हवं?"

'नको. जेवण. जेवण.' यंत्रातून सुप्रीताचाच शांत आवाज येत होता आणि आईचे डोळे भरत चालले होते. त्या सुप्रीताकडे बघतच नव्हत्या. दाराकडे बघत होत्या. निहार तिथे वाकून चपला घालत होता.

सुप्रीतानंही दाराकडे पाहिलं.

"थांबा," ती म्हणाली. "आई तुम्हाला जेवून जा म्हणतेय."

त्यांच्या घरातून कुणी भरल्या दुपारी न जेवता गेलं नव्हतं. सगळी आळी हसायची, इतका अनुसूयाबाईंचा आग्रह. आणि सुप्रीतानं आईला शब्द दिले ते सगळे आजारी माणसाचे. पाणी, उशी, औषध, दुखतंय. घरच्या बाईचा एकही दिला नाही.

निहार जेवायला बसला. पहिला घास घेऊन म्हणाला, "आता जागा झालीय भरपूर. काकूंना काय काय म्हणायचंय, ते त्यांनाच विचारू या."

विचारायला वेळ लागला. खुणा, अंदाज, चुकीचे अंदाज. पण आठवडाभरात पडद्यावर 'मीठ कमी झालंय' आलं, 'ही साडी छान दिसते' आलं, आणि 'ह्यांना गप्प करा' हेही आलं. ते अण्णांनी स्वतः, हसत हसत, माइकसमोर बोलून दिलं.

फेब्रुवारीत निहार दोन रविवार आला नाही. तिसऱ्या रविवारी आला तो सरळ कामालाच लागला. कॉम्प्युटर उघडून त्यानं आधी होती तेवढ्याच मेमरीची आणखी एक पट्टी बसवली, कॉम्प्युटर तपासला, पुन्हा तपासला. निघताना सुप्रीता बसथांब्यापर्यंत त्याच्याबरोबर गेली. पाऊस नव्हता, पण आभाळ भरून आलेलं होतं, आणि वाऱ्यावर जाईचा वास होता. देवळासमोरच्या फुलवाल्या जाई-मोगऱ्याच्या टोपल्या झाकत होत्या.

"कंपनी मला अमेरिकेला पाठवतेय," तो म्हणाला. "दोन हजार साल आलं की तिथले कॉम्प्युटर तारखा चुकवतील म्हणे... ते दुरुस्त करायला. वर्षभर."

"छान," सुप्रीता म्हणाली. "कधी?"

"पुढच्या महिन्यात. म्हणून आज सगळं नीट लावून दिलं. तुम्हालाही आता येतंच सगळं. माझं काही काम उरलं नाही इथे."

"कामाशिवाय यायचं नसतं का?"

बस आली. कंडक्टरनं यशवंतपूर, यशवंतपूर म्हणून हाका घातल्या. ती त्याची बस नव्हतीच. बस निघून गेली.

"मी काहीतरी विचारणार होतो तुम्हाला," तो म्हणाला. "मग नको वाटलं. काकूंना सोडून तुम्हाला कुठे जाता येणार नाही, हे मला दिसतं ना. मी विचारलं असतं तर तुम्हाला नाही म्हणावं लागलं असतं. ते ओझं तुमच्यावर कशाला टाकू?"

सुप्रीता वळली. "आईला काय म्हणायचंय ते मी तिला न विचारता ठरवत होते. ती चूक तुम्हीच मला दाखवलीत. आणि आता मला काय म्हणायचंय ते तुम्ही ठरवताय?"

निहारनं चष्मा काढला. पुसायला काहीच नव्हतं त्यावर.

"नाही म्हणायचं की हो म्हणायचं, ते मी बघीन की. तुम्ही विचारा तर."

"विचारू?"

"किती वेळ लावता हो. आमचा जुना कॉम्प्युटर बरा."

तो हसला, आणि मग एकदम गंभीर झाला. "मी वर्षानं परत येईन. परत म्हणजे इथे, बेंगळुरूत. नागपूरला माझा भाऊ आहे आईबाबांजवळ, त्यांच्याशी मी बोललोय. आपण इथेच राहू, काकूंच्या जवळ. अण्णांचं शहाजीराजांचं सगळं ऐकून घेईन मी, पहिल्यापासून. सुप्रीता... लग्न करशील माझ्याशी?"

फुलवालीनं मान वर करून पाहिलं. शब्द कळले नसतील तिला, पण थांबली, दोरा हातात तसाच.

"सरी," सुप्रीता म्हणाली.

सरी म्हणजे बरं, ठीक आहे; बेंगळुरूत राहून निहारला एवढं कन्नड येत होतं. रिक्षावाला म्हणतो, दुकानदार म्हणतो, सगळं शहर दिवसभर म्हणत असतं. तरी तो तिच्याकडे बघत तसाच उभा राहिला.

"मराठीत सांग ना," तो म्हणाला. "इथे मराठी कळणारं कुणी नाहीये."

"तू आहेस की," ती म्हणाली. आणि त्याची बस येऊन, थांबून, निघून गेली तरी दोघांपैकी कुणी तिकडे पाहिलं नाही.