आठव्या प्रकरणाचं मतदान

सेक्रेटरींनी पक्ष सोडून तीस वर्षं झाली होती. पक्षाने मात्र त्यांना सोडलं नव्हतं. जेवताना "मीठ कमी आहे," म्हणाले, तर सूनबाई विचारायच्या, "बाबा, ही सूचना समजू की ठराव?"

मी त्यांच्या पुस्तकाचा संपादक. यादवी युद्धाचा इतिहास, सहाशे पानं, आणि क्रांती कुठे चुकली याची इतकी प्रामाणिक उत्तरं की प्रकाशकाने विक्रीची आशा केव्हाच सोडली होती. नव्वदीला टेकलेले सेक्रेटरी दर रविवारी दुपारी चारला जेवणाच्या टेबलाशी एक प्रकरण मोठ्याने वाचत, शेवटी "हरकत?" असं विचारत, मनात दहा आकडे मोजत आणि समासात 'मंजूर' लिहीत. जुन्या बैठकांची सवय. सात प्रकरणं मी तोंड न उघडता मंजूर केली. संपादनात इतकं सुख मला पूर्वी कधी लाभलं नव्हतं.

आठव्या प्रकरणात 'सुतार' होता. टोपणनाव तेच, धंदाही तोच, कानावर कायम पेन्सिल. पूल उडवायची बातमी शत्रूला फोडली म्हणून अकरा जणांच्या समितीने त्याला एकमताने गद्दार ठरवलं आणि गोळी घातली. त्या समितीचे अध्यक्ष खुद्द आमचे सेक्रेटरी. बाकीचे दहा त्याच हिवाळ्यात लढताना गेले.

टेबलावर सुताराच्या मुलीचं पत्र पडलं होतं. बाप गेला तेव्हा ती चार वर्षांची होती. आता सत्तरीला आलेली. 'जन्मभर गद्दाराची पोर म्हणवून घेतलं. पुस्तकात काय लिहिणार, तेवढं मरायच्या आत कळवा.'

"काय लिहिणार?" मी विचारलं.

"इतिवृत्तात आहे तेच. दुसरा पुरावा नाही." ते चष्मा पुसू लागले. "हात मी मोजलेच नव्हते हो. उजाडत आलं होतं. चेहऱ्यांकडे पाहिलं, कुणी बोललं नाही, लिहून टाकलं 'एकमताने'."

"मग आता?"

"आता काय! मेलेल्यांना बैठकीची नोटीस पाठवू?"

त्यांनी प्रकरण वाचलं. "हरकत?"

मीही सवयीने आकडे मोजत होतो. आठाला टेबल किंचित कललं, पलीकडून कुणी कोपरं टेकवावीत तसं. बाहेर रखरखीत ऊन होतं, आणि खोलीत ओल्या लोकरीचा वास येत होता.

"बाबा, दार कुणी उघडलं?" स्वयंपाकघरातून सूनबाई. "केवढा गारठा येतोय!"

दार बंद होतं.

"हरकत दिसतेय," सेक्रेटरी बैठकीच्या आवाजात म्हणाले. "मतदान घेऊ. सुतार गद्दार, या ठरावाच्या बाजूने?" त्यांनी स्वतःचा हात वर केला. "माझं मत त्या दिवशीचं आहे. ते बदलता येत नाही."

माझे दोन्ही हात मी मांड्यांखाली दाबून धरले होते.

"बाजूने एक. विरोधात?"

ते बोटाने मोजू लागले. रिकाम्या खुर्च्यांवरून, एकेका जागी थांबत.

एक. दोन. खिडकीपाशी तीन.

माझ्या पाठीमागे चार.

मी वळलो नाही.

दहाला बोट थांबलं.

"ठराव नामंजूर." त्यांनी 'एकमताने' खोडलं. मग 'गद्दार'. "हरलो," म्हणाले. निवडणूक जिंकलेल्या माणसाचाही चेहरा इतका उजळलेला मी पाहिलेला नाही.

"कुणाचे हात मोजलेत?" मी विचारलं.

"अध्यक्षाने हात मोजावेत. चेहरे बघत बसलं की घोटाळा होतो."

पुढच्या रविवारी सुताराची मुलगी आली. सेक्रेटरींनी तिला दुरुस्त प्रकरण वाचून दाखवलं: सुतार निर्दोष, चूक अध्यक्षाची. ती रडली नाही. "हे पान मला द्या," म्हणाली. "शेजारीपाजारी सगळ्यांना वाचून दाखवणार आहे. आधी थोरल्या जावेला!"

"हरकत?" सेक्रेटरींनी विचारलं. कुणाचीच नव्हती. मंजूर.

मी तिला जिन्यापर्यंत सोडायला गेलो.

"चांगली माणसं आहात तुम्ही सगळी," चपला घालता घालता ती म्हणाली. "फक्त त्या मुलाला खुर्ची द्यायची होती. अख्खा वेळ भिंतीला टेकून उभा होता बिचारा."

"कोण मुलगा?"

"कानावर पेन्सिल खोचलेला. माझ्या धाकट्याहूनही लहान असेल. मी म्हटलं, बस रे बाळा, तर नुसता माझ्याकडे बघून हसला."