धावपट्टीच्या कडेचा गोग्रास

अवधूत, माझा नवरा, सोमवारी छोट्या विमानानं क्लायंटकडे जायचा आणि शुक्रवारी दुपारी परतायचा. अमेरिकेत, ॲन आर्बर शहरापासून तासाभरावरच्या त्या विमानतळाला लागूनच आमचं अपार्टमेंट होतं. मधले दिवस माझे. पूजा, पोथी, आणि खिडकीतून दिसणारी धावपट्टी.

२००४ च्या चातुर्मासात मी गोग्रासाचा नेम धरला. गाईला पहिली पोळी दिल्याशिवाय जेवायचं नाही. इथे गाय कुठून आणणार? माझ्या सुलभाकाकू भारतातून फोनवर म्हणाल्या, "भाव महत्त्वाचा गं. कुंपणापाशी ठेव." धावपट्टीच्या कुंपणाच्या जाळीपाशी ठेवू लागले. दुसऱ्या दिवशी पोळी तिथे नसायची.

"रात्री कचराकुंड्या धुंडाळणारा तो रकून खात असेल," अवधूत हसायचा. "मला कोरडी, त्याला तुपाची. चालू दे."

विमानतळाची मॅनेजर कॅरल नव्या टर्मिनलमध्ये जुने फोटो लावत होती. व्हिसामुळे मला नोकरी करता येत नव्हती, म्हणून मदतीला जायचे. पहिल्या फोटोत नुसतं कुरण होतं. एका दूधवाल्या शेतकऱ्यानं ते वैमानिकांना वापरू दिलं होतं. विमान घिरट्या घालू लागलं की घरातल्या बायका गाई हाकून जागा करायच्या. मग दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डांबर आलं, गाई विकल्या गेल्या. २००१ च्या हल्ल्यांनंतर उंच कुंपण आलं, बॅगा तपासणं आलं. आणि त्या वर्षी धावपट्टी लांबवली, पूर्वी गोठा होता तिथपर्यंत.

"आता मैलोगणती गाय सापडायची नाही," कॅरल म्हणाली.

पण पोळी ठेवताना मला शेणाचा वास येऊ लागला होता. पुढे थंडी पडल्यावर हातावर श्वासासारखी ऊब लागायची, ओलसर. जाळीपलीकडे तर काहीच नसायचं. मी नमस्कार करून घरी यायचे. खरं सांगायचं तर बरं वाटायचं. दिवसातून एकदा कुणीतरी जवळ यायचं.

कार्तिकी झाली, नेम संपला. उद्यापन करायचं, तर गाईशिवाय कसं? ते तसंच राहिलं आणि मी पोळी ठेवणं बंद केलं.

त्यानंतरच्या एका शुक्रवारी बर्फ पडत होता. अवधूतसाठी डबा घेऊन मी टर्मिनलमध्ये बसले होते. विमान आलं, खाली झुकलं आणि पुन्हा वर गेलं.

कॅरलच्या रेडिओवर वैमानिकाचा आवाज आला. "धावपट्टीवर गुरं आहेत."

आम्ही दोघींनी काचेतून पाहिलं. धावपट्टी रिकामी होती.

"काही नाहीये तिथे," कॅरल म्हणाली. "पुन्हा बघ."

"कळपच्या कळप आहेत. हलत नाहीयेत."

जवळचा मोठा विमानतळ बर्फामुळे बंद होता. विमानात इंधन फार उरलं नव्हतं. ते घिरट्या घालत राहिलं.

मी डबा घेऊन कुंपणापाशी गेले. एकटीच.

वरची पोळी जाळीखालून सरकवली.

"या गं," म्हटलं. "उद्यापन राहिलंय माझं. करीन मी."

बर्फात जड पावलं दबल्याचा आवाज आला. आधी एक, मग पुष्कळ. तो आवाज माझ्याकडे आला, अगदी जवळ येऊन थांबला.

बर्फावर काही उमटलं नाही.

विमान उतरलं.

टर्मिनलच्या दारातच अवधूतनं माझा हात धरला.

"वरून दिसलीस तू. जिवात जीव आला."

मी मान हलवली.

"बाकीच्या बायका कोण होत्या गं? तुझ्याभोवती उभ्या होत्या. एकीनं तर तुझ्या खांद्यावर हात ठेवला होता."

मी शाल काढली. तिच्यावर बर्फ साचला होता. डाव्या खांद्यावर तेवढी पाच बोटांची जागा कोरडी होती.